गुण कशाने आला?

२०२० च्या जूनमध्ये मृगाच्या पेरण्या तोंडावर आलेल्या असताना जालना जिल्ह्यातल्या गावांमध्ये एका औषधाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं: आर्सेनिक अल्बम ३०. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने जानेवारीअखेरीसच या होमिओपॅथिक गोळ्यांची शिफारस केली होती, आणि राज्याच्या ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागातल्या सुमारे ५ कोटी लोकांना त्या मोफत देण्याचं जाहीर केलं होतं. उपाशीपोटी तीन दिवस घ्यायच्या, महिन्याने पुन्हा घ्यायच्या. गोळ्या घेतलेल्यांपैकी पुष्कळांना कोरोना झाला नाही, हे पारावर, दुकानात, फोनवर सगळीकडे सांगितलं गेलं. न घेतलेल्यांपैकीही पुष्कळांना तो झाला नव्हता, पण हे फारसं कुणी बोललं नाही.

जिल्ह्यात ९०० हून जास्त गावं आहेत. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांना गोळ्या आधी आणि निम्म्यांना महिन्याने दिल्या असत्या, आणि दोन्हीकडचे रुग्ण एकाच पद्धतीने मोजले असते, तर घनसावंगी ते जाफराबाद या पट्ट्यातून जगाला उपयोगी पडेल असं उत्तर निघालं असतं. वाटप तर होणारच होतं, खर्चही तोच होता. ही संधी हुकली याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या अभ्यासशाखेची ही प्रस्तावना आहे तिचं काम नेमकं हेच आहे: बरं वाटलं, हे रुग्णाचं सांगणं पूर्ण खरं मानायचं आणि ते कशामुळे वाटलं, याचा शोध घ्यायचा. आशाताई, परिचारिका, शाळेतले विज्ञानशिक्षक आणि बी.एच.एम.एस.चे विद्यार्थी, या सगळ्यांचं इथे स्वागत आहे. शेवटच्यांचं तर आवर्जून, कारण साडेचार वर्षं जे शिकलो त्याची पारख करायला धैर्य लागतं.

आधी त्या ‘३०’ विषयी. मूळ द्रव्याचा एक भाग घ्यायचा, पाणी, मद्यार्क किंवा दुधातल्या साखरेच्या नव्व्याण्णव भागांत मिसळायचा. त्या मिश्रणाचा एक भाग घेऊन पुन्हा नव्व्याण्णव भागांत. असं तीस वेळा. शेवटी मूळ द्रव्याचं प्रमाण उरतं एकास, एकावर साठ शून्यं. कुठल्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये रेणू असतात सुमारे सहावर तेवीस शून्यं. म्हणजे बाराव्या पायरीच्या आसपासच शेवटचा रेणू हरवलेला असतो आणि पुढच्या अठरा पायऱ्यांत पाण्यात पाणीच मिसळलं जातं. हलवण्या-घोटण्याने औषधाची सुप्त शक्ती जागी होते, असं सॅम्युएल हानेमानचं म्हणणं होतं. हानेमान (१७५५–१८४३) जर्मन डॉक्टर, होमिओपॅथीचा जनक. १७९० मध्ये त्याने सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली, १८१० मध्ये ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळातले नामांकित वैद्य रुग्णाचं रक्त काढत, जुलाब देऊन त्याला निथळून टाकत. त्यांच्यापुढे काहीच अपाय न करणारा हानेमान रुग्णाला बरा वाटला असेल तर त्यात नवल नाही, आणि त्या काळापुरतं पाहिलं तर रुग्णाचा हिशेब बरोबरच होता.

त्याच्या हयातीतच या दाव्याची एक सुरेख परीक्षा झाली. १८३५ साली न्युरेंबर्ग शहरात शंभर बाटल्यांना क्रमांक देऊन त्या सरमिसळ केल्या. निम्म्यांत बर्फाचं शुद्ध पाणी, निम्म्यांत त्याच पाण्यात तीस वेळा विरल केलेलं मीठ. कुठल्या क्रमांकात काय आहे याची यादी मोहोरबंद ठेवली. घेणाऱ्यांना माहीत नाही, वाटणाऱ्यांनाही नाही. ५५ जणांनी बाटल्या नेल्या, ५० जणांनी येऊन अनुभव सांगितला. काही तरी वेगळं जाणवलं असं म्हणणारे निघाले ८. त्यातल्या ५ जणांकडे मीठवालं पाणी होतं, ३ जणांकडे नुसतं पाणी. घेणारा आणि देणारा दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधायची ही रीत आधुनिक औषधचाचण्यांच्या कितीतरी आधी, होमिओपॅथीच्या निमित्ताने वापरली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हीच रीत आपल्याकडे जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाला लावली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या, सरमिसळ केल्या, आणि प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका देऊन ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवूनही निम्मी बरोबर आली असती. विषय वेगळा असला तरी नव्या वाचकाने हा प्रयोग नीट समजून घ्यावा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता प्लासिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेला, पण औषधासारखाच दिला जाणारा उपचार. त्याबद्दल दोन टोकांची मतं सर्रास ऐकू येतात. एक म्हणतं, मनाच्या ताकदीने काहीही बरं होतं. दुसरं म्हणतं, रुग्णाला उगाच वाटतं. दोन्ही चूक. २०११ मध्ये अमेरिकेत दम्याच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग पाहा. त्याच रुग्णांना आळीपाळीने खरा पंप, औषध नसलेला पंप, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, असं दिलं. किती आराम पडला विचारल्यावर खऱ्या पंपाला उत्तर आलं ५० टक्के, नकली पंपाला ४५, खोट्या सुयांना ४६, काहीच न देण्याला २१. मग फुंकर मारायला लावून यंत्रावर श्वास मोजला. खऱ्या औषधाने तो २० टक्के सुधारला होता, बाकी तिन्हींत ७ टक्क्यांच्या आसपास. रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर हलकं वाटत होतं, पण श्वासनलिका आवळलेल्याच होत्या. दम्याचा जोराचा झटका आलेल्या पोराच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतू शकतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पोटाच्या जुनाट तक्रारीच्या २६२ रुग्णांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांना नुसतं थांबायला सांगितलं त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम मिळाला, कोरड्या वागणुकीत खोट्या सुया टोचल्या त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना, आणि त्याच खोट्या सुया आपुलकीने, वेळ देऊन, बोलत-ऐकत टोचल्या त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांना. होमिओपॅथ पहिल्या भेटीत तासभर बसवून झोपेपासून भीतीपर्यंत सगळं विचारतो. सरकारी दवाखान्यात मिनिटभरही मिळत नाही. लोक होमिओपॅथकडे का जातात, याचं निम्मं उत्तर मला या आकड्यांत दिसतं. ते समजून न घेता त्यांना भोळे म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

याशिवाय आजाराची स्वतःची चाल असते. काविळीची माळ मराठवाड्याला नवी नाही. ओल्या काड्यांचे तुकडे सैल गाठींत गुंफलेली माळ रुग्णाच्या डोक्यावर ठेवतात. दिवस जातात तशी ती कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर उतरते आणि घरचे म्हणतात, कावीळ उतरली. काड्या सुकून बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात आणि माळ लांबते. ती निरोग्याच्या डोक्यावर ठेवली तरी लांबेल, खुंटीवर टांगली तरी लांबेल. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून दोन्ही घड्याळं जुळतात. पण कावीळ पित्तनलिकेतल्या खड्याची असेल किंवा गरोदर बाईला झाली असेल, तर तेच आठवडे घातक ठरतात. वेचणीच्या हंगामात असह्य झालेली कंबरदुखी हंगाम सरल्यावर उतरते, तेव्हा श्रेय मिळतं ते शेवटच्या औषधाला.

आणि हे फक्त पर्यायी उपचारांचं नाही. अशक्तपणा आला की बाटली लावा, असा आग्रह आपल्या भागात रुग्णच धरतात. ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी, जेमतेम अर्ध्या भाकरीएवढ्या. पण शीर सापडते, बाटली टांगली जाते, थेंब दिसतात, घरचे उशाशी बसतात. ज्याला तोंडाने खाता-पिता येतं त्याच्यासाठी एवढा थाटाचा प्लासिबो दुसरा नाही. संशय घ्यायचा तर तो सगळ्या पॅथींवर सारखा घ्यावा लागतो.

जिल्ह्याचं वैद्यकीय चित्रही ध्यानात ठेवा. बदनापूर तालुक्यातल्या शेलगावला होमिओपॅथीचं महाविद्यालय कित्येक वर्षांपासून आहे. जालन्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं २०२४ मध्ये. मधल्या काळात खेड्यापाड्यात रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर बहुधा होमिओपॅथ किंवा आयुर्वेदाचा पदवीधर होता, आणि तो देत होता पुष्कळदा ॲलोपॅथीच्या गोळ्या. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट मोकळी केली. वाद न्यायालयात गेला, २०२५ मध्ये नोंदणीवरून ॲलोपॅथी डॉक्टरांनी संपही केला. चिठ्ठी कुणी लिहायची यावर इतकं भांडण झालं, पण चिठ्ठीवरच्या औषधाने काय साधलं हा प्रश्न दोन्ही बाजूंनी मागेच राहिला.

महेंद्रलाल सरकार यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. कलकत्त्याचे हे एम.डी. १८६७ मध्ये उघडपणे होमिओपॅथीकडे वळले आणि त्यांनीच १८७६ मध्ये विज्ञान संशोधनाची ती संस्था उभारली जिथे पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नोबेल मिळवून देणारं काम केलं. होमिओपॅथी मानणारा माणूस विज्ञानाचा शत्रूच असतो, असं समजून या विषयात येऊ नका.

ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनी या पुस्तकातली चाचण्यांची प्रकरणं सोडून आधी कावीळ, दमा आणि सर्पदंश वाचावेत. सर्पदंशाचं प्रकरण मात्र कुणीही वगळू नये. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बिनविषारी साप चावलेले मंत्राने ‘बरे’ होतात, म्हणून विषारी साप चावलेल्यालाही आधी तिकडेच नेलं जातं. त्याला प्रतिविष देण्याचा वेळ त्यातच संपतो.