बाप्तिस्म्याआधीची तीन वर्षे

ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभी बाप्तिस्म्याला वेळ लागत नसे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात संदेश ऐकला त्याच दिवशी बाप्तिस्मा घेणारी माणसे भेटतात. त्यांतल्या अनेकांना यहुदी धर्मशास्त्राची ओळख आधीपासून होती. पुढे रोमन साम्राज्याच्या इतर समाजांतून लोक येऊ लागले आणि तयारीची गरज भासू लागली. इ.स. 150च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणारा उपवास करी आणि मंडळीही त्याच्याबरोबर उपवास धरी.

तिसऱ्या शतकापर्यंत या तयारीला नियमांची चौकट मिळाली. 'प्रेषितीय परंपरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात दीक्षार्थीसाठी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यासाठी, तीन वर्षांचे शिक्षण सांगितले आहे. मात्र वर्षांपेक्षा वर्तनाला महत्त्व दिले आहे. प्रवेशाच्या वेळीच व्यवसायाची चौकशी होई. कुंटणखाना चालवणाऱ्याला, ग्लॅडिएटरला आणि मूर्तिकाराला आपला धंदा सोडावा लागे. शेवटी साक्षीदारांना विचारले जाई: या माणसाने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांची विचारपूस केली का? होकार मिळाला तरच पुढे रात्रभर जागरण होई, पहाटे बाप्तिस्मा आणि नंतर दूध-मध मिळे.

या वाटेवर चालताना कित्येकांना प्राण द्यावे लागले. इ.स. 203 मध्ये कार्थेजला पर्पेतुआ आणि फेलिसिता यांना अटक झाली, तेव्हा त्या दीक्षार्थीच होत्या. ज्या श्रद्धेत मान, धन वा सुरक्षितता नव्हती, ती त्यांनी जाणूनबुजून निवडली.

इ.स. 313 नंतर ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली आणि गर्दी वाढली. अनेक जण दीक्षार्थी म्हणून नाव नोंदवून बाप्तिस्मा लांबणीवर टाकू लागले. सम्राट कॉन्स्टन्टाइनने तो 337 मध्ये मृत्युशय्येवर घेतला. तरीही शिस्त टिकवण्याचे प्रयत्न झाले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेली यात्रेकरू एगेरिया सांगते की, तिथला बिशप उमेदवाराच्या शेजाऱ्यांना विचारी, 'हा आईवडिलांचा मान राखतो का? दारूडा तर नाही?' दोष आढळला तर 'आधी सुधार, मग ये' असे सांगून परत पाठवी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात रोज तीन तास शिकवण चाले. मिलानमध्ये धर्मतत्त्वज्ञ ऑगस्टीनने 387च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला, तोही अशाच तयारीनंतर.

पुढे बालबाप्तिस्मा रूढ झाला आणि ही प्रथा मागे पडली. फ्रँक राजा शार्लमेनने तर सॅक्सन लोकांवर बाप्तिस्मा सक्तीने लादला. नाकारणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत ढकलत नेता येते, पण श्रद्धेपर्यंत नाही, असे त्याचाच सल्लागार अल्क्विन याने बजावले होते.

एकोणिसाव्या शतकात मात्र कॅथोलिक कार्डिनल लाव्हिजरी यांनी आफ्रिकेतील आपल्या मिशनऱ्यांसाठी सुमारे चार वर्षांच्या तयारीचा नियम घातला. 1886 मध्ये युगांडात राजाज्ञेने मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांपैकी काहींना त्यांचाच सोबती चार्ल्स ल्वांगा याने मृत्यूपूर्वी ऐनवेळी बाप्तिस्मा दिला. मरणाला सामोरे जाण्याचे बळ त्यांना आधीच्या शिकवणीतून मिळाले होते. पुढे कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दीर्घ तयारीची ही प्रथा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि 1972 मध्ये प्रौढांसाठीचा नवा विधी प्रसिद्ध झाला.

या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. बाप्तिस्मा क्षणात देता येतो, पण ख्रिस्ती जीवन वर्षानुवर्षांच्या आचरणातूनच घडते. म्हणूनच प्राचीन मंडळीने उमेदवाराच्या भावनेची नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्यांची साक्ष मागितली.