तीन लाख अक्षरांचे धर्मकर्तव्य

शब्बाथच्या सकाळी सिनेगॉगमध्ये तोराचे वाचन चालू असताना वाचणाऱ्याला एखादे अक्षर गळालेले दिसले, तर वाचन तेथेच थांबते. ती गुंडाळी बाजूला ठेवून हेखालमधून, म्हणजे पवित्र कपाटातून, दुसरी काढली जाते आणि पुढचे वाचन तिच्यावरून होते. सदोष गुंडाळीचा पट्टा वस्त्रावरून बाहेरच्या बाजूने बांधून ठेवण्याची प्रथा आहे. चुकून कोणी ती पुन्हा वाचनाला घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. चुकीचा ग्रंथ तीस दिवसांहून अधिक काळ तसाच बाळगू नये, असा तालमूदचा दंडक असल्याने लवकरच लेखकाला बोलावणे जाते.

असे लेखन करणाऱ्याला हिब्रूत ‘सोफर’ म्हणतात आणि गुंडाळीला ‘सेफर तोरा’. (मराठीत मिरवला जाणारा तोरा आणि हा शब्द यांचा काही संबंध नाही. ‘तोरा’ म्हणजे शिकवण.) मोशेच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ या गुंडाळीत असतात आणि परंपरेने मोजलेली त्यांची अक्षरसंख्या ३,०४,८०५ इतकी आहे. त्यांतील प्रत्येक अक्षर हाताने लिहिलेले असावे लागते. छापलेली तोरा घरोघरी असते, अभ्यासालाही तीच वापरतात. पण सिनेगॉगमधील विधिवत वाचनाला ती चालत नाही.

हे लेखन केवळ धंदेवाईक लेखकांचे काम नाही. ज्यू परंपरेत तोरातील आज्ञांची संख्या ६१३ मानली जाते आणि तेराव्या शतकातील ‘सेफर हाहिनुख’ या ग्रंथाच्या क्रमानुसार शेवटची, ६१३वी आज्ञा प्रत्येकाने स्वतःसाठी तोरा लिहावी ही आहे. ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात, मृत्यू जवळ आलेल्या मोशेला हे गीत लिहून घ्या आणि इस्राएलच्या लोकांना शिकवा, असे सांगितले जाते. त्या एका वाक्यातून धर्मशास्त्र्यांनी ही आज्ञा काढली. वडिलांकडून वारशाने गुंडाळी मिळाली असली तरी कर्तव्य संपत नाही; मुलाने आपली स्वतंत्र लिहिली पाहिजे. राजावर तर दोन गुंडाळ्यांचे बंधन. दुसरी त्याने सतत जवळ बाळगायची, सिंहासनावर बसतानाही. बाजारातून विकत घेणाऱ्याला तालमूद फारसे श्रेय देत नाही, पण एक सवलत मात्र देते. सदोष गुंडाळीतील एक अक्षर जरी कोणी दुरुस्त केले, तरी त्याने संपूर्ण तोरा लिहिल्याप्रमाणे मानावे. पुढच्या शतकांतील अनेक प्रथा या सवलतीवर उभ्या राहिल्या.

आज्ञा सर्वांसाठी असली तरी ती स्वतःच्या हाताने पाळणे फार थोड्यांना जमते. याचे कारण लेखनाच्या नियमांत आहे.

चामडे खाण्यास विहित असलेल्या प्राण्याचेच हवे आणि ते कमावण्यास सुरुवात करतानाच ‘हे तोरासाठी’ असा संकल्प व्हावा लागतो. चुन्यात भिजवून, केस काढून, ताणून वाळवलेल्या या पानांवर शाई न लावता नुसत्या टोकाने रेघा आखतात. शाईचे घटक मराठी घरांना अपरिचित नाहीत : मायफळ, हिराकस आणि डिंक. लेखणी युरोपीय परंपरेत पक्ष्याच्या पिसाची, तर पूर्वेकडील ज्यूंमध्ये बोरूची. बहुतेक गुंडाळ्यांत एका स्तंभात ४२ ओळी असतात आणि पाने प्राण्यांच्या स्नायूंच्या तंतूंनी एकमेकांना शिवतात. एका सोफरला पूर्ण गुंडाळी लिहिण्यास साधारणतः वर्षभर, कित्येकदा अधिक काळ लागतो.

पाठ असले तरी आठवणीतून लिहिता येत नाही. समोर शुद्ध प्रत ठेवून, प्रत्येक शब्द आधी मोठ्याने उच्चारून मगच तो उतरवायचा. कोणतेही अक्षर शेजारच्या अक्षराला चिकटता कामा नये. त्याच्या चहूबाजूंनी कोरे चामडे दिसले पाहिजे. अक्षराचा आकार बिघडला तर जादा शाई खरवडून तो नीट करता येत नाही, कारण अक्षर ‘लिहिलेले’ हवे, कोरून काढलेले नव्हे. आकाराबद्दल शंका आली तर निवाडा कोणाकडे? तालमूदचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. अक्षरओळख झालेल्या, फार हुशारही नसलेल्या आणि अगदी मंदही नसलेल्या मुलाला ते दाखवावे. हुशार मूल संदर्भावरून शब्द ओळखेल, त्यामुळे त्याची साक्ष उपयोगाची नाही.

सर्वांत कडक नियम देवाच्या नामाचा. ते लिहिण्यापूर्वी सोफर त्या नामाच्या पावित्र्यासाठी लिहीत असल्याचे तोंडाने म्हणतो. नाम लिहीत असताना राजाने जरी अभिवादन केले तरी उत्तर द्यायचे नाही. अन्यत्र झालेली चूक खरवडून सुधारता येते. लिहिलेले नाम मात्र पुसता येत नाही. त्यात चूक झाली तर बहुधा संपूर्ण पान काढून टाकावे लागते, आणि तेही फेकून न देता पुरावे लागते. निरुपयोगी झालेली गुंडाळी मातीच्या भांड्यात ठेवून विद्वानाच्या कबरीशेजारी पुरण्याची प्रथा तालमूदकाळापासूनची आहे.

एका अक्षराने काय बिघडते, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण ‘शमा’ या प्रार्थनेतील आहे. परमेश्वर एक आहे, असे सांगणाऱ्या वाक्यात ‘एहाद’ (एक) या शब्दाचे शेवटचे अक्षर दालेत. हिब्रू लिपीत दालेत आणि रेश यांच्यात फरक केवळ वरच्या कोपऱ्याचा. कोपरा गोल झाला की शब्द ‘अहेर’ होतो आणि ‘एक’चा अर्थ ‘दुसरा’ असा होतो. म्हणूनच या ठिकाणी दालेत मुद्दाम मोठ्या आकारात लिहिले जाते.

कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासात या वाक्याला वेगळेच स्थान आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले, ग्रंथ समुद्रात गेले आणि उरली ती शमाची प्रार्थना, सुंता व शब्बाथचा विसावा, अशी या समाजाची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचे मुंबईतील पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात बांधले. मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव या ‘जुन्या मशिदी’वरूनच पडले, असे सांगितले जाते. शतकानुशतके गुंडाळीवाचून राहिलेल्या समाजाच्या हेखालात सेफर तोरा येणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

आता प्रश्न उरतो तो कर्तव्याचा. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री मैमोनिडीज यांनी ही आज्ञा जशीच्या तशी नोंदवली आणि स्वतः गुंडाळी लिहिलीही. मात्र १३२७ साली मृत्यू पावलेले रब्बी आशेर बेन येहिएल यांनी वेगळा विचार मांडला. गुंडाळी सिनेगॉगमध्ये ठेवली जाते, अभ्यास इतर ग्रंथांवरून होतो. तेव्हा आज तोरा, मिश्ना, तालमूद यांचे अभ्यासग्रंथ लिहिणे वा मिळवणे यातही ही आज्ञा पाळली जाते. अठराव्या शतकात रब्बी आर्ये लेब गुन्झबर्ग याहून पुढे गेले. हिब्रूत काही शब्द एखादे स्वरदर्शक अक्षर घालून वा गाळून, दोन्ही प्रकारे लिहिता येतात. यांतील अचूक लेखन कोणते याबाबत आपण आता तज्ज्ञ नाही, अशी कबुली तालमूदमध्येच आहे. मग एका अक्षराने गुंडाळी बाद होत असेल तर ही आज्ञा आज बंधनकारक कशी, असा त्यांचा रोख होता. त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. तरीही समाजाने तो मानून लेखन थांबवले नाही.

शंका निराधार नव्हती, हे मात्र खरे. येमेनी ज्यूंच्या गुंडाळ्या आणि इतरांच्या गुंडाळ्या यांत नऊ ठिकाणी अक्षरांचे फरक आहेत. मैमोनिडीज यांनी जी जुनी शुद्ध प्रत प्रमाण मानली, ती दहाव्या शतकातील ‘अलेप्पो कोडेक्स’च होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९४७ साली सीरियातील अलेप्पो शहरात दंगल होऊन सिनेगॉग जाळले गेले. नंतर हाती आलेल्या प्रतीत तोराचा जवळजवळ सगळा भाग नव्हता. ज्या पानांवरून शंका फिटली असती, नेमकी तीच गेली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक आला. गुंडाळीची छायाचित्रे प्रमाण प्रतीशी ताडून गळालेली वा अधिक पडलेली अक्षरे तो शोधतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या गुंडाळ्यांतही अशी अक्षरे सापडली. अक्षराच्या आकाराचा निवाडा मात्र अजून माणूसच करतो. स्त्रियांनी लिहिलेली गुंडाळी सनातनी पंथ ग्राह्य मानत नाहीत. उदारमतवादी पंथांत ती मान्य होऊ लागली असून २००७ साली जेन टेलर फ्रीडमन यांनी संपूर्ण सेफर तोरा लिहून पूर्ण केली.

सामान्य माणूस आपले कर्तव्य पार पाडतो ते एका अक्षरापुरते. सोफर शेवटच्या ओळींतील अक्षरांच्या केवळ बाह्यरेषा काढून ठेवतो आणि समाप्तीच्या दिवशी आमंत्रित ती शाईने भरतात, किंवा त्यांच्या वतीने सोफर भरतो. मग छताखालून गुंडाळीची वाजतगाजत मिरवणूक निघते. १९८१ साली लुबाविच पंथाचे रब्बी मेनाहेम मेंडेल श्नेअरसन यांच्या प्रेरणेने जगभरातील ज्यू मुलांसाठी एक गुंडाळी जेरुसलेममध्ये लिहिण्यास घेण्यात आली. त्यात एका डॉलरला एक अक्षर प्रत्येक मुलाच्या नावे होत असे.

दुरुस्तीचे श्रेय पूर्ण लेखनाइतके, हे तालमूदचे वचन लंडनमध्ये वेगळ्या प्रकारे कसोटीला लागले. नाझींच्या काळात नामशेष झालेल्या बोहेमिया व मोराव्हियातील ज्यू वस्त्यांच्या गुंडाळ्या प्राग शहरात साठून होत्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांतील १,५६४ गुंडाळ्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगमध्ये आणल्या गेल्या. काही जळक्या, काही ओलीने खराब झालेल्या. ज्या सुधारता येण्याजोग्या होत्या त्या दुरुस्त करून निरनिराळ्या देशांतील सिनेगॉगांना वापरासाठी देण्यात आल्या; उरलेल्या स्मारक म्हणून. हे काम प्रामुख्याने डेव्हिड ब्रँड या एका सोफरने वर्षानुवर्षे केले. एके दिवशी त्याने कामाच्या शोधात सिनेगॉगचे दार ठोठावले आणि दुरुस्तीसाठी एखादी गुंडाळी आहे का, असे विचारले, अशी हकिकत तेथे सांगतात. त्याला आत नेऊन फळ्यांवर रचलेल्या गुंडाळ्या दाखवण्यात आल्या.