बिनतारी निदान ॲडाप्टर (विद्युत मोटार)

बिनतारी निदान ॲडाप्टर हे मोटारीच्या निदान सॉकेटमध्ये बसवायचे छोटे उपकरण आहे. मोटारीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांकडील माहिती ते ब्लूटूथ किंवा वाय-फायद्वारे टॅबलेट अथवा मोबाइल फोनवरील ॲपकडे पाठवते. विद्युत मोटारीत त्याचा मुख्य उपयोग बॅटरीची स्थिती जाणून घेण्यासाठी होतो. बॅटरी हा विद्युत मोटारीचा सर्वांत महाग भाग असल्याने वापरलेली मोटार विकत घेताना ही माहिती विशेष महत्त्वाची ठरते. या वापराचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे निसान लीफ ही मोटार आणि तिच्यासाठी तयार झालेले 'लीफ स्पाय' हे ॲप होय.

== पार्श्वभूमी ==

अमेरिकेत इ.स. १९९६च्या मॉडेलांपासून नव्या प्रवासी मोटारींना 'ओबीडी-२' ही स्वनिदान प्रणाली बंधनकारक झाली. युरोपीय संघात पेट्रोल मोटारींसाठी तत्सम नियम इ.स. २००१पासून लागू झाला. भारतात भारत स्टेज-४ मानकांच्या अंतर्गत इ.स. २०१३पासून ही प्रणाली आवश्यक ठरली. इंजिनाच्या धुरातून होणाऱ्या प्रदूषणावर लक्ष ठेवणे हा या नियमांमागील हेतू होता. त्यामुळे प्रमाणित संकेत इंजिन व उत्सर्जन यांच्याशी निगडित राहिले.

विद्युत मोटारीत इंजिन नसते. उत्पादकांनी सॉकेट तेच ठेवले, परंतु बॅटरीविषयीच्या माहितीसाठी आपापले स्वतंत्र संकेत वापरले. याच कारणाने सर्वसाधारण ओबीडी ॲप विद्युत मोटारीत फारशी माहिती दाखवू शकत नाही. त्यासाठी त्या त्या मॉडेलचे संकेत जाणणारे ॲप लागते.

== रचना व कार्य ==

निदान सॉकेटला १६ पिना असतात आणि ते बहुधा स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असते. त्यातील १६व्या पिनेतून ॲडाप्टरला १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो. ६व्या व १४व्या पिनांतून 'कॅन' या संदेशजाळ्याशी संपर्क होतो. मोटार चालवणाऱ्या मुख्य बॅटरीचा उच्च दाब या सॉकेटपर्यंत येत नाही.

अनेक ॲडाप्टरांमध्ये 'ईएलएम३२७' ही चिप किंवा तिची नक्कल असते. मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातील कंपनीने विकसित केली. स्वस्त नकलांमध्ये काही आज्ञा वगळलेल्या असतात. अशा ॲडाप्टरची जोडणी झाली, तरी बॅटरीची माहिती अपुरी येते किंवा मुळीच येत नाही.

ॲप ॲडाप्टरमार्फत नियंत्रकाला प्रश्न पाठवते आणि आलेल्या उत्तराचे आकड्यांत रूपांतर करून ते पडद्यावर दाखवते. अँड्रॉइड टॅबलेटला साधे ब्लूटूथ ॲडाप्टर चालते. आयफोन व आयपॅड यांना मात्र वाय-फाय किंवा कमी ऊर्जेवर चालणाऱ्या ब्लूटूथ प्रकारातील ॲडाप्टर लागते. मोटार चालू स्थितीत नसल्यास नियंत्रक सहसा उत्तर देत नाहीत.

== निसान लीफमधील वापर ==

निसान लीफची विक्री डिसेंबर २०१०मध्ये जपान व अमेरिकेत सुरू झाली. आरंभीच्या मॉडेलात २४ किलोवॅट-तासांची बॅटरी होती आणि तिला थंड करणारी सक्रिय यंत्रणा नव्हती. बॅटरीची उरलेली क्षमता दर्शनी फलकावर १२ पट्ट्यांनी दाखवली जाते. पहिली पट्टी सुमारे १५ टक्के क्षमता घटल्यावर जाते. त्यामुळे त्याआधीची झीज मालकाच्या लक्षात येत नाही.

इ.स. २०१२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अनेक मोटारींच्या पट्ट्या अपेक्षेहून लवकर गेल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर निसानने २४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसाठी ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांची क्षमता-हमी जाहीर केली. या घडामोडींमुळे पट्ट्यांपेक्षा अचूक मोजमापाची गरज मालकांना जाणवली.

लीफ स्पायमध्ये दिसणाऱ्या प्रमुख नोंदी पुढीलप्रमाणे आहेत :

* '''एसओएच''' – नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता, टक्क्यांत.
* '''अँपिअर-तास''' – बॅटरीची विद्युतभार साठवण्याची क्षमता.
* '''गिड''' – उपलब्ध ऊर्जेचे सुमारे ८० वॅट-तासांचे एकक. हे नाव मालकांमध्ये रूढ झाले आहे.
* '''सेलचा दाब''' – एकसरीत जोडलेल्या ९६ सेल-जोड्यांपैकी प्रत्येकीचा व्होल्टेज.
* '''तापमान''' – बॅटरीतील संवेदकांनी नोंदवलेले.
* '''चार्जिंगची संख्या''' – जलद व साधे चार्जिंग किती वेळा झाले, याची नोंद.

सेल-जोड्यांच्या दाबातील फरक बॅटरी बरीच रिकामी असताना किंवा चढावर जोर पडत असताना अधिक स्पष्ट दिसतो. इतरांपेक्षा सातत्याने बराच कमी दाब दाखवणारी जोडी दुर्बळ असण्याची शक्यता असते.

== मर्यादा ==

एसओएच हे प्रत्यक्ष मोजमाप नसून बॅटरी-नियंत्रकाने केलेले अनुमान असते. ॲप ते केवळ वाचून दाखवते. नियंत्रकाचे गणित चुकले, तर ॲपवरील आकडाही चुकतो.

याचे ठळक उदाहरण न्यूझीलंडमध्ये आढळले. तेथे जपानहून आयात केलेल्या वापरलेल्या लीफ मोठ्या संख्येने आहेत. 'फ्लिप द फ्लीट' या उपक्रमाने मालकांनी ॲपद्वारे घेतलेल्या नोंदी एकत्र केल्या. ३० किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्यांची क्षमता २४ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्यांपेक्षा बरीच वेगाने घटत असल्याचे दिसते, असे त्यांनी इ.स. २०१८मध्ये मांडले. त्याच वर्षी निसानने बॅटरी-नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली. दुरुस्तीनंतर त्याच मोटारींमधील आकडे वाढले. घट बॅटरीत नव्हे, तर मुख्यतः नियंत्रकाच्या हिशेबात होती.

याउलट, नियंत्रकातील जुनी नोंद पुसल्यास झिजलेली बॅटरीही काही काळ नव्यासारखी दिसू शकते. म्हणून खरेदीपूर्वी ॲपवरील आकड्यांची मोटारीच्या वयाशी सांगड घालणे, तसेच पूर्ण चार्जवर प्रत्यक्ष किती अंतर कापले जाते हे पाहणे हितावह असते.

== दक्षता ==

ॲडाप्टर सतत लावून ठेवल्यास १२ व्होल्टची साहाय्यक बॅटरी उतरू शकते. अनेक स्वस्त ॲडाप्टरांचा ब्लूटूथ संकेतांक १२३४ किंवा ०००० असा ठरावीक असतो. त्यामुळे त्यांच्याशी आसपासची दुसरी व्यक्तीही संपर्क साधू शकते. या दोन्ही कारणांसाठी काम झाल्यावर ॲडाप्टर काढून ठेवावे. काही ॲपमध्ये दोषसंकेत पुसण्याची व मोटारीच्या रचनेत बदल करण्याची सोय असते. संकेताचा अर्थ समजल्याशिवाय ती वापरू नये. मोटार चालवताना पडदा हाताळणे धोक्याचे आहे.

== नियमांतील बदल ==

युरोपीय संघाच्या इ.स. २०२३च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ ऑगस्ट २०२४पासून बॅटरीच्या स्थितीविषयीची माहिती तिच्या कायदेशीर खरेदीदाराला वाचता येणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियाच्या इ.स. २०२२मधील नियमांत इ.स. २०२६च्या मॉडेलांपासून बॅटरीची स्थिती कोणत्याही उपकरणाविना चालकाला दिसावी, अशी तरतूद करण्यात आली होती. मात्र त्याआधी विकल्या गेलेल्या मोटारींना ही तरतूद लागू नाही. त्यांच्या बाबतीत ॲडाप्टर व ॲप हाच मालकाला सहज उपलब्ध असलेला मार्ग आहे.