देवनहळ्ळी विमानतळ: प्रवाशाच्या ओळखीचा इतिहास

टिपू सुलतानाचे जन्मगाव असलेल्या देवनहळ्ळीजवळ बंगळूरचा नवा विमानतळ २४ मे २००८ रोजी सुरू झाला आणि जुन्या एचएएल विमानतळावरची नियमित प्रवासी वाहतूक थांबली. इमारत नवी असली तरी ओळख पटवण्याची रीत जुनीच राहिली. प्रवेशद्वाराशी तिकीट आणि ओळखपत्र, पुढे बोर्डिंग पास, सुरक्षा तपासणीनंतर त्यावर शिक्का, हातातल्या बॅगेच्या टॅगवर आणखी एक. एका नाक्यावर झालेली खात्री पुढच्या नाक्याला कळत नसे, म्हणून शिक्क्याला एवढे महत्त्व. टॅगवरचा शिक्का १ एप्रिल २०१७ पासून इथे आणि देशातील आणखी सहा विमानतळांवर बंद झाला.

वेबलाही हीच अडचण होती. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी प्रोटोकॉलने बोलतात, त्याला प्रत्येक विनंती नवखीच. मघाशी कोण येऊन गेले ते त्याला आठवत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी त्यावर कुकीचा उपाय काढला. लॉगिन झाले की सर्व्हर ब्राउझरला एक खूण देतो, ब्राउझर ती दर विनंतीबरोबर दाखवतो आणि मुदत संपेपर्यंत सेशन चालते. वारंवार लॉगिन मागितले जात असेल तर आधी पाहायचे ते हेच: खूण ब्राउझरने ठेवून घेतली का, तो ती परत पाठवतो का आणि सर्व्हर ती ओळखतो का. साइट अनेक सर्व्हरांवर चालत असून सेशनची नोंद एकाकडेच असेल, तर विनंती दुसऱ्याकडे गेली की माणूस पुन्हा अनोळखी. अशा वेळी लोक पासवर्ड बदलत बसतात आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

१ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, वाराणसी आणि बंगळूर येथील विमानतळांवर डिजियात्रा ही प्रवाशांची ओळख पटवण्याची योजना सुरू झाली. पुणे आणि मुंबई २०२३ मध्ये आले. इथे खूण म्हणजे चेहरा. आधारवरून केलेली नोंदणी फोनमध्ये राहते. प्रत्येक प्रवासाआधी बोर्डिंग पास जोडून ती माहिती निघण्याच्या विमानतळाकडे पाठवायची असते, आणि उड्डाणानंतर २४ तासांत ती तिथून पुसली जावी असा नियम आहे. सेशनची मुदत इतक्या स्पष्टपणे ठरवलेली क्वचितच आढळते. दरवाजा न उघडण्याची कारणेही ओळखीची वाटतील: आधारवरचे आणि तिकिटावरचे नाव जुळत नाही, किंवा नोंदणी आहे पण या प्रवासाचा पास पाठवायचा राहिला. दुसऱ्या प्रकारात खाते शाबूत असते, सेशनच सुरू झालेले नसते. २०२४ मध्ये तर वापरकर्त्यांना जुने ॲप काढून नवे घ्यायला सांगण्यात आले.

योजना ऐच्छिक असल्याने शेजारची रांग कायम आहे. तिथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहून प्रवाशाला आत सोडतो.