लीज फेरी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना राज्याच्या उत्तर भागात, कोलोरॅडो नदीवरील ऐतिहासिक तर (नावेने नदी ओलांडण्याचे ठिकाण). पारीया ही उपनदी येथे कोलोरॅडोस मिळते. ग्लेन कॅन्यन संपून मार्बल कॅन्यनची निदरी येथूनच सुरू होते. वर व खाली दूरवर उभे कडे असल्याने दोन्ही काठांवरून गाड्या पाण्यापर्यंत नेता येतील अशी जागा या मरुप्रदेशात जवळपास एवढीच होती.

दोमिंगेस व एस्कलांते या स्पॅनिश धर्मोपदेशकांना ऑक्टोबर १७७६ मध्ये येथे नदी पार करता आली नाही. वरच्या बाजूस जाऊन त्यांनी ७ नोव्हेंबर रोजी दुसऱ्या उतारावरून ती ओलांडली. तो उतार पुढे पॉवेल जलाशयात बुडाला. नियमित तर जॉन डॉयल ली या मॉर्मन वसाहतकाराने जानेवारी १८७३ मध्ये सुरू केली. १८५७ च्या माउंटन मेडोज हत्याकांडात तो सामील होता व अटक टाळण्यास ही आडजागा त्याला सोयीची होती. तथापि १८७४ मध्ये तो पकडला गेला आणि १८७७ मध्ये त्यास देहान्त शिक्षा झाली. ठिकाणास नाव त्याचे राहिले. तर सांभाळली ती मुख्यतः त्याची पत्नी एमा हिने. १८७९ मध्ये मॉर्मन चर्चने ती विकत घेतली.

जून १९२८ मध्ये नाव उलटून तिघे बुडाले व तर कायमची बंद पडली. खालच्या बाजूचा पूल अद्याप अपुरा होता. परिणामी समोरच्या काठावर मोटारीने पोहोचण्यास सु. १,३०० किमी.चा वळसा पडे. जानेवारी १९२९ मध्ये खुला झालेला हा पूल (१९३४ पासून नॅव्हाहो पूल) २५४ मी. लांब असून नदीपात्रापासून १४२ मी. उंच आहे. १९९५ मध्ये शेजारी नवा पूल झाल्यावर जुना पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला. त्यावरून निदरीचे तळापर्यंत दर्शन घडते. क्वचित काँडॉर गिधाडेही दिसतात.

१९२२ च्या कोलोरॅडो नदी करारात वरचे व खालचे खोरे यांची सीमा पारीयाच्या मुखाखाली सु. दीड किमी.वर ठरविण्यात आली. या बिंदूपाशी दर दहा वर्षांत ७·५ कोटी एकर-फूट प्रवाह वरच्या राज्यांनी कमी होऊ द्यावयाचा नाही, असे त्यात कलम आहे. करारातील आकडे असाधारण ओल्या वर्षांच्या मोजणीवर बेतलेले असल्याने नदीत तेवढे पाणी पुढे सातत्याने आढळले नाही. राज्याराज्यांतील पाणीतंट्यांचे हे एक प्रमुख कारण होय.