घरगुती वीजतपासणी : साधनासाठी जादा किंमत कधी मोजावी

तारेत वीज नाही, असे साधनाने दाखविल्यावर मनुष्य त्या तारेला हात लावतो. तपासणीच्या साधनासाठी जादा पैसे मोजावेत किंवा नाही, हे याच क्षणावरून ठरवावे लागते.

छत्तीसगडमधील दुर्ग शहराची पद्मनाभपूर ही वसाहत भिलाईलगत आहे. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा कारखान्यात लागणारी महागडी उपकरणे घरी आणण्याचे कारण नाही. परंतु केवळ स्क्रू-ड्रायव्हरच्या आकाराच्या टेस्टरवर विसंबणेही योग्य नव्हे.

टेस्टरमधील निऑन दिवा अत्यल्प प्रवाहावर उजळतो आणि तो प्रवाह वापरणाऱ्याच्या शरीरातून जातो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास किंवा भर उन्हात तो दिसेनासा होऊ शकतो. शिवाय तो दाब मोजत नाही. तीन फेजच्या पुरवठ्यातील सामाईक न्यूट्रल तुटल्यास काही घरांतील दाब २३० व्होल्टवरून ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो. फ्रिज व दूरचित्रवाणी संच जळतात, पण टेस्टर नेहमीसारखाच उजळतो.

येथे मल्टिमीटर आवश्यक ठरतो आणि जादा किमतीचा प्रश्नही येथेच येतो. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६१०१० या मानकानुसार कॅट-२ हा वर्ग सॉकेट व त्याला जोडलेल्या उपकरणांसाठी, कॅट-३ वितरण फलक व स्थायी वायरिंगसाठी, तर कॅट-४ मीटर व सेवावाहिनीसाठी असतो. पुरवठ्याच्या उगमाजवळ जावे तसा शॉर्टसर्किटचा प्रवाह वाढतो. फलक उघडणाऱ्याने कॅट-३ पेक्षा कमी वर्गाचा मीटर घेऊ नये. तारांवरही तोच वर्ग छापलेला असावा.

सर्वांत घातक चूक साधी असते. प्रवाह मोजून झाल्यावर लाल तार १० अँपिअरच्या छिद्रातच राहते आणि नंतर दाब मोजण्यासाठी सॉकेटमध्ये घातली जाते. मीटरमधूनच शॉर्टसर्किट होते. उच्च भंजनक्षमतेचा फ्यूज ठिणगी आत विझवितो. स्वस्त मीटरमधील काचेचा फ्यूज फुटू शकतो, काहींत या छिद्रासाठी फ्यूजच नसतो. नाशिकच्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सच्या काही मीटरांत चुकीचे छिद्र आपोआप झाकण्याची योजना आहे. खरी किंमत असल्या गोष्टींची असते, आकड्यांच्या संख्येची नव्हे.

चौकोनी तरंगाचा इन्व्हर्टर असल्यास ‘ट्रू आरएमएस’ मीटर उपयोगी पडतो. साधा मीटर अशा तरंगाचा दाब सुमारे ११ टक्के जास्त दाखवितो. केवळ घड्याळाचे सेल तपासणाऱ्यांना मात्र स्वस्त मीटर पुरेसा आहे.

मीटर कोणताही असो, तो आधी चालू सॉकेटवर, मग बंद केलेल्या तारेवर आणि पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहावा. याला पैसे पडत नाहीत.

पावसाळ्यात ओलावलेल्या भिंतीतील वायरिंगचे आवरण मल्टिमीटर पारखू शकत नाही, कारण रोध मोजताना तो मोजकेच व्होल्ट लावतो. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो. क्वचित लागणारे हे साधन विकत घेण्यापेक्षा परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणेच परवडते.