२,१४,७४,८३,६४७ : ऑयलर यांच्या पडताळणीपासून २०३८ च्या पेचापर्यंत

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही दहा अंकी संख्या दोनच्या ३१ व्या घातातून एक वजा केल्यावर मिळते. एक आणि स्वतः यांखेरीज तिला अन्य विभाजक नाही; म्हणजेच ती मूळ संख्या आहे. दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या फ्रेंच धर्मगुरू व गणितज्ञ मर्सेन यांच्या नावाने ओळखल्या जातात. त्या क्रमात ही आठवी आहे.

मर्सेन यांनी १६४४ मधील आपल्या यादीत तिचा समावेश केला होता. मात्र तिचे मूळत्व स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. तिच्या कोणत्याही मूळ विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ उरलीच पाहिजे, हे त्यांनी हेरले. त्यामुळे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४६,३४० पर्यंतच्या, मोजक्याच संख्यांनी भागून पाहणे पुरेसे ठरले. त्यानंतर अनेक दशके ती ज्ञात मूळ संख्यांपैकी सर्वांत मोठी होती.

या संख्येला दोनच्या ३० व्या घाताने गुणल्यास १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. स्वतः वगळता अन्य सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या. उदाहरणार्थ, १, २ आणि ३ यांची बेरीज ६. अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. म्हणून हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या शोधली जाणार नाही, असे ब्रिटिश गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले होते. फ्रान्सचे एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये ३९ अंकी मर्सेन मूळ संख्या सिद्ध केल्यावर हे भाकीत फोल ठरले.

उपयोगाचा प्रश्न संगणकयुगाने निकालात काढला. द्विमान पद्धतीत ही संख्या सलग ३१ एकांनी लिहिली जाते. ३२ बिटांच्या साठवणीत एक बिट धन-ऋण चिन्हासाठी राखल्यास उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या होय. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या दर्शकसंख्येने ही मर्यादा ओलांडली. यूट्यूबला त्यासाठी ६४ बिटांच्या गणकाचा अवलंब करावा लागला.

अधिक गंभीर प्रश्न कालगणनेचा आहे. युनिक्स प्रणालीत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवली जाते. भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मोजणी नेमक्या या संख्येवर पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला ३२ बिटांवर वेळ मोजणारी यंत्रणा ऋण संख्येत जाऊन डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवू शकते. नव्या संगणकांत ६४ बिटांची कालगणना रूढ झाली आहे. परंतु यंत्रसामग्रीत बसवलेली, वर्षानुवर्षे न बदलली जाणारी जुनी नियंत्रक उपकरणे त्यापूर्वी शोधून अद्ययावत करणे आवश्यक आहे.